ऐकण्याची चोरी

"याच्या हातात माईक द्या. आणि बाई, तुम्ही याचं तोंड कॅमेऱ्याकडे करा."

क्लासचे सर हे माझ्यासोबत आलेल्या सुनंदाताईला म्हणाले. मला नाही. मी तिथंच होतो, सरांपासून हातभर अंतरावर. त्यांच्या शर्टाला लावलेल्या अत्तराचा वास मला येत होता. पण आंधळ्याशी बोलायचं म्हणजे त्याच्या सोबत आलेल्या माणसाशी बोलायचं, हे डोळसांना कुठं शिकवतात कोण जाणे. हॉटेलात विचारतात, "हे काय घेतील?" दवाखान्यात विचारतात, "यांना कुठं दुखतं?" मी लहानपणापासून या "हे" आणि "यांना"मध्ये राहत आलो आहे.

अमरावतीतला स्पर्धा परीक्षांचा मोठा क्लास. त्याचा हॉल. पूर्ण बॅच बसलेली. खुर्च्या करकरत होत्या, कोणी मागं कुजबुजत होतं. माईक माझ्या हातात कोंबला गेला. तो गार होता आणि आधीच्या कोणाच्या तरी घामानं चिकट झालेला होता.

"म्हण," सर म्हणाले. हे मात्र मला. "मी क्लासच्या पुस्तकांची चोरी केली. मी जाहीर माफी मागतो. इतरांनी असं करू नये. बस, एवढंच."

मी माईक दुसऱ्या हातात घेतला.

मग सर हॉलकडे वळले. आवाजाची दिशा बदलली की मला कळतं. म्हणाले, "बघा, डोळ्यांना दिसत नाही, पण चोरी कुठं करायची ते बरोबर दिसतं."

हॉल हसला. सगळा नाही, पण पुरेसा हसला. पुढच्या रांगा जास्त हसल्या. पुढं बसणाऱ्यांना हसावंच लागतं.

मी केलेली चोरी काय होती, ती आता सांगतो. लपवण्यासारखं काही नाही.

मी अंजनगाव सुर्जीचा. बापाचा पानमळा. जन्मतःच आंधळा नव्हतो. शाळेत जायच्या वयात ताप आला आणि डोळे घेऊन गेला. माझ्या गल्लीत श्रावणात पोथी लागायची. एक बाई ओट्यावर बसून वाचायची आणि सारी गल्ली ऐकायची. बायका ऐकता ऐकता विड्याच्या पानांच्या चवडी लावायच्या. पोथी एकीच्या घरची असायची, वाचणारी दुसरीच असायची आणि ऐकणाऱ्यांत तर कोणीही असायचं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या बाया आणि ज्याला अक्षर दिसत नव्हतं तो मी, आम्ही एकाच सतरंजीवर. पोथी कोणाची, असं कधी कोणी विचारलं नाही. पुस्तक म्हणजे एकानं वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं, एवढंच मला माहीत होतं. सारा घोळ तिथूनच झाला, असं आता म्हणता येईल.

बी.ए. करून अमरावतीला आलो. कारकुनाची परीक्षा द्यायची होती. आंधळ्यांसाठी जागा राखीव असतात. त्या जागा भरायला आंधळे लागतात, आणि आंधळ्यांना पास व्हायला पुस्तकं लागतात. पुस्तकं छापील. माझा फोन बोलतो. त्यावर अक्षरं असली की वाचून दाखवतो. पण छापलेल्या कागदासमोर तोही माझ्याइतकाच आंधळा.

त्या क्लासची पुस्तकं नावाजलेली. मी काउंटरवरून पूर्ण संच विकत घेतला. पूर्ण भावात. मग विचारलं, "याची कॉम्प्युटरची फाइल मिळेल का? माझा फोन ती वाचेल." काउंटरवरची बाई म्हणाली, "फाइल देत नाही. पॉलिसी आहे." मी अर्ज केला. पुन्हा केला. उत्तर आलं नाही.

आणि हाच क्लास बरं का. याच क्लासनं नवी शाखा उघडली तेव्हा मला स्टेजवर बोलावलं होतं. शाल, नारळ, फोटो. तेव्हा सर माईकवर म्हणाले होते, "आमचा दिव्यांग विद्यार्थी, आमची प्रेरणा." तो फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागला होता म्हणे. लोक मला येऊन सांगायचे, तुमचा फोटो मस्त आला आहे. मी म्हणायचो, असेल.

मी राहतो तिथं एका ओळीत खोल्या आहेत. टिनाचं छप्पर, समोर सामाईक ओटा, एकच नळ. शेजारच्या खोलीत सुनंदाताई. सकाळी मंडईतून भाजी आणते, दुपारपर्यंत हातगाडीवर विकते. बारावी झालेली आहे. लग्नानंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. एकदा मला पुस्तकांचा संच उशाशी घेऊन बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "काऊन भाऊ, हे काय डोक्याखाली घ्याले आनले काय?"

मी सांगितलं काय अडचण आहे ते.

"मंग वाचून देतो ना मी. दुपारी रिकामीच असतो."

वऱ्हाडात बाईसुद्धा "मी देतो, मी करतो" म्हणते. पुण्याच्या माणसाला ते ऐकून हसू येतं.

ती वाचायची, मी फोनवर रेकॉर्ड करायचो. मेथी निवडता निवडता ती इतिहास वाचायची. सनावळी अडखळत वाचायची, नकाशा असला की बोट फिरवून सांगायची, "हे पाय, इथून नदी अशी खाली जाऊन राहिली." आणि माझं बोट धरून कागदावरून फिरवायची. मागून कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाक, ओळीतल्या जमीलभाईच्या ऑटोचा खाकरा. सगळं त्यात यायचं.

आंधळ्यांचा आमचा एक ग्रुप होता. अमरावती, अकोला, धामणगाव, कुठून कुठून मुलं-मुली. सगळे परीक्षांच्या मागे. मी रेकॉर्डिंग तिथं टाकू लागलो. पैसा नाही, फायदा नाही. अकोल्याची रेखा लगेच म्हणाली, "दादा, ताईचा आवाज मस्त आहे. मशीनचा आवाज ऐकून ऐकून कान किटले होते."

आणि सुनंदाताईची एक सवय. पोथी वाचताना आधी पोथीचं नाव घ्यायचं, लिहिणाऱ्याचं नाव घ्यायचं, मग आपलं. तिच्या माहेरीही तशीच रीत. त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ती म्हणायची, पुस्तक अमुक, छापलं अमुक क्लासनं, लिहिलं अमुक सरांनी, वाचून राहिली सुनंदा, अमरावती, अमुक गल्ली, नळाजवळची खोली. मी तिला कधी थांबवलं नाही. मला ते बरोबरच वाटत होतं. ज्याचं आहे त्याचं नाव घ्यायला नको का?

म्हणजे आम्ही जगातले पहिले चोर असू, ज्यांनी चोरीच्या मालावर मालकाचं नाव आणि स्वतःचा पत्ता टाकला. रेकॉर्डिंग फिरत फिरत क्लासपर्यंत पोहोचलं, आणि त्यांना आम्हाला शोधायची तसदीच पडली नाही.

एका सकाळी फोनचं बोलणं बंद झालं. म्हणजे फोन बोलत होता, पण इंटरनेट नव्हतं. ओळीतल्या सगळ्या खोल्यांत नव्हतं. कनेक्शन एकच, माझ्या नावावर, कारण मला सगळ्यात जास्त लागायचं. सगळे मिळून भरायचो. बाहेर आलो तर खांबाला शिडी लावल्याचा आवाज. लाइनमन वर चढून वायर गुंडाळत होता.

"काय झालं भाऊ?"

"वरून आलं आहे. तुमच्या नावावर तिसरी तक्रार झाली. कॉपीराइटची. तिसऱ्या तक्रारीले कनेक्शन बंद."

"पहिल्या दोन कधी झाल्या?"

"ईमेलवर पाठवल्या ना कंपनीनं. तुमी उत्तर नाई देलं."

मी फोनमध्ये आधीच उतरलेली ईमेल काढली. आली होती खरी. पण कंपनीनं नोटिशीचा फोटो काढून तो चिकटवला होता. माझा फोन त्यावर यायचा आणि म्हणायचा, "चित्र." पुढं काही नाही. मला वाटलं होतं, जाहिरात असेल. मला जी शिक्षा होणार होती तिची सूचना मला वाचता येणार नाही अशा रीतीनं पाठवली होती, आणि उत्तर दिलं नाही म्हणून मी दोषी ठरलो होतो. कोणी येऊन विचारलं नाही, बाबा, तू काय केलंस? कोणासाठी केलंस? मी शिडीला धरून उभा राहिलो. मला ओरडावंसं वाटत होतं. पण वर चढलेल्या त्या माणसावर ओरडून काय होणार? तो वायर गुंडाळून खाली उतरला आणि म्हणाला, "सरका थोडे."

सिमही त्याच कंपनीचं. तेही दुपारपर्यंत बंद. नवं सिम घ्यायला दुकानात गेलो, अंगठा लावला. दुकानदार म्हणाला, "तुमच्या नावावर सगळ्याच कंपन्यांनी अडकवलं आहे. माझ्या हातात काही नाही." म्हणजे नुसती वायर तोडली नव्हती. माझं नाव तोडलं होतं. डोळसाचं इंटरनेट गेलं तर त्याचा सिनेमा जातो, गप्पा जातात. माझं गेलं तर माझा पेपर गेला, बँक गेली, बसचा नंबर सांगणारा गेला, समोरची नोट कितीची ते सांगणारा गेला. मी ताप येऊन गेल्यानंतरच्या दिवसांत परत जाऊन पडलो. तेव्हा निदान घरी तरी होतो.

कंपनीत फोन केला, जमीलभाईच्या मोबाइलवरून. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ज्यांनी तक्रार केली त्यांनी मागे घेतली की चालू होईल सर." क्लासमध्ये गेलो. तिथं ठरलं, माफीचा व्हिडिओ द्यायचा. पूर्ण बॅचसमोर. आणि रेकॉर्डिंग सगळ्यांच्या फोनमधून पुसून टाकायची.

ओळीतले लोक चांगले. पण चांगल्या लोकांनाही इंटरनेट लागतं. जमीलभाईची मुलगी मोबाइलवर शिकत होती. तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "मांग लेव ना भाऊ माफी. दो मिनट का काम है. हमारे भी बच्चे बैठे हैं."

त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मी ठरवलं, मागून टाकू. शब्दांनी काय झिजतं? क्लासला जाताना ऑटोत मी ती वाक्यं पाठही केली. सुनंदाताई शेजारी बसली होती. हातगाडी बंद ठेवून आली होती. ती एवढंच म्हणाली, "मी वाचलं तर मी मांगतो ना माफी. तू काऊन?" मी म्हटलं, कनेक्शन माझ्या नावावर आहे.

तर तो हॉल. माईक माझ्या हातात. सर थांबलेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "थांब. आधी यांना चोरीचा माल ऐकवू."

त्यांनी हॉलच्या स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं.

सुनंदाताईचा आवाज. एवढ्या मोठ्यानं मी तो कधी ऐकला नव्हता. "पुस्तक अमुक. छापलं अमुक क्लासनं." मग तिचं ते अडखळणं. एका शब्दाला ती तीनदा गेली होती. मग कुकरची शिट्टी. हॉल फुटला. मग रेकॉर्डिंगमध्ये ती मला म्हणते, "थांब भाऊ, भाजी करपून राहिली, येतो मी," आणि पावलं वाजतात, परत येते, आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढचं वाक्य धरते. लोक टेबलं बडवून हसत होते. मागून कोणीतरी तिची नक्कल केली, "करपून राहिलीऽऽ." सर म्हणाले, "ही आपल्या पुस्तकाची अवस्था केली यांनी."

सुनंदाताईचा हात माझ्या कोपराला होता. तिनं तो काढून घेतला. माझ्या शेजारी उभी असलेली बाई एकदम कुठं नाहीशी झाली असं मला वाटलं. ती पदराआड झाली असेल, खाली मान घातली असेल, मला काय दिसणार. मला फक्त एवढं कळलं की तिचा श्वास वाजेनासा झाला.

मला हसलेलं मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. त्याची सवय होते. पण तिला हसत होते. सकाळभर गाडी ढकलून जिनं दुपारची झोप मला दिली होती, तिला. मला राग आला.

मी माईक तोंडाशी नेला.

"सर, हे पुस्तक मी तुमच्याच काउंटरवरून इकत घेतलं."

"मग? म्हणून वाटत सुटायचं?"

"मी वाचू शकत नाई. ह्या ताईनं वाचलं. मी ऐकलं. माह्यासारख्यायनं ऐकलं. याच्यात चोरी कोनती? मी नाई मांगत माफी."

पंखे ऐकू येऊ लागले. सर माझ्या अगदी जवळ आले. अत्तराचा वास वाढला. हळू आवाजात, माईकपासून दूर, पुन्हा तिलाच म्हणाले, "बाई, याला समजावा. लाइन कायमची जाईल. याचं आयुष्य आहे."

आणि सुनंदाताई बोलली. बारीक आवाजात, पण बोलली.

"त्याले समजते. तुमी त्याच्यासंगंच बोला."

मी माईक पुढं धरला. कोणी घेईना. मग खाली वाकून जमिनीवर ठेवला. त्याचा मोठा खरखराट झाला. आम्ही निघालो. दारापर्यंत ती माझा हात धरून नव्हती, मी तिचा धरला होता. पायऱ्यांवर आल्यावर ती रडली. मी रडू दिलं.

यानंतर काही चांगलं घडलं असं समजू नका.

लाइन आली नाही. महिनाभरात ओळीतल्या लोकांनी दुसरं कनेक्शन घेतलं, जमीलभाईच्या नावावर. कंपनीनं त्याच्याकडून लिहून घेतलं, आधीच्या ग्राहकाला हे वापरू द्यायचं नाही, नाहीतर हेही बंद. त्यानं मला येऊन सांगितलं. पासवर्ड सगळ्यांना माहीत, मला नाही. लहान पोरांनाही बजावलं होतं, काकाला सांगायचं नाही. मी ओट्यावर आलो की पोरं गप्प व्हायची. एकाच नळाचं पाणी पिणारी ओळ, आणि तीत मी एकटा बाहेरचा. वाळीत टाकणं मी गोष्टींत ऐकलं होतं. ते असं, कोणी शिवी न देता, कोणी वाईट न वागता होतं, हे माहीत नव्हतं. त्या परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन होता. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतला, त्यानं प्रवर्ग चुकीचा टाकला आणि मला ते ऐकू आलं नाही. ते वर्ष गेलं.

ग्रुपही मोडला. निम्म्यांनी भीतीनं रेकॉर्डिंग पुसली. आपलीही लाइन जाईल ही भीती. मी त्यांना नावं ठेवत नाही.

रेखानं पुसली नाही. ती अकोल्याला वकिलीचं शिकते. तिचा फोन सुनंदाताईच्या मोबाइलवर आला.

"दादा, मी कायदा ऐकून राहिली होती. ज्यायले छापलेलं वाचता येत नाई त्यायच्यासाठी पुस्तक वाचून, रेकॉर्ड करून, नफा न घेता देता येते. कायद्यातच लिहून आहे. तुमी गुन्हा केलाच नाई."

मी विचारलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. मी ओट्यावर बसून राहिलो. आनंद झाला का? नाही. संताप आला. म्हणजे हे लिहिलेलं होतं. सरांच्या वकिलाला माहीत असणार. कंपनीला माहीत असणार. ज्याच्यासाठी लिहिलं होतं त्यालाच कोणी वाचून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी हॉलमध्ये मला हे ठाऊक असतं तर बोलणं सोपं गेलं असतं. पण ठाऊक नव्हतं तेही बरंच झालं. मी कायद्याच्या जोरावर नाही म्हणालो नव्हतो. एका बाईला हसले म्हणून म्हणालो होतो.

रेखानं अर्ज लिहिला, मी अंगठा नाही, सही केली. सही मला येते. क्लासविरुद्ध आणि कंपनीविरुद्ध, दोघांविरुद्ध दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. सुनंदाताईनं आपलं नाव साक्षीदार म्हणून घातलं. तिच्या नवऱ्यानं विचारलं, तुले काय पडलं आहे? ती म्हणाली, "माह्या आवाजाले हसले ना ते." तेवढंच. दुपारी ती आता पुन्हा वाचते. रेकॉर्डिंग मेमरी कार्डात भरून अकोल्याच्या बसनं जातं, ओळखीच्या माणसाच्या हाती. इंटरनेटच्या जमान्यात आम्ही टपालाच्या जमान्यात आहोत. चालतं.

परवा सुनंदाताईच्या मोबाइलवर कंपनीच्या मोठ्या साहेबाचा फोन आला. मला. थेट माझ्याशी बोलला, हे मान्य करतो. फार आदरानं बोलला. म्हणाला, झाला तो गैरसमज. क्लासशी बोलणं झालं आहे. तुमची लाइन उद्याच्या उद्या जोडून देतो, वर्षभर फुकट. फक्त तक्रार मागे घ्या. बाहेर कुठं बोलू नका.

मी विचारलं, "आणि तुमचा नियम?"

"कोणता?"

"तीन तक्रारी, अन् माणसाले न विचारता लाइन बंद."

"तो नियम आहे सर. तो सगळ्यांनाच आहे."

म्हणजे मला सोडणार, नियम ठेवणार. उद्या धामणगावचा कोणी, परतवाड्याची कोणी, वाचता न येणाऱ्या नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून असाच खांबाखाली उभा राहणार. आणि मी माझ्या खोलीत फुकटचं इंटरनेट वापरत गप्प बसणार.

मोह झाला नाही असं नाही. फोन हातात होता, तोंडातून फक्त "बरं" निघायचं होतं. पुढची परीक्षा तोंडावर आली आहे. पोरांनी ओट्यावर पुन्हा बोलावं असं मलाही वाटतं.

मी म्हणालो, "लाइन नको. सुनावणीले या. तिथं सगळ्यायसमोर सांगा, की आमचं न ऐकता तुमी आमाले चोर ठरवलं. अन् हा नियम खोडा. मंग जोडा."

साहेब म्हणाला, यात वर्षं जातील.

"जाऊ द्या," मी म्हणालो, आणि फोन मीच तोडला.